लघवी थांबली, पण दुखत काहीच नाही

आषाढी होऊन आठवडा झाला की वॉर्डात एखादे आबा येतातच. नाव-गाव बदलतं, गोष्ट साधारण तीच. या लेखातले आबाही तसेच, चार-पाच जणांचे मिळून एक. वय ६६. आळंदी ते पंढरपूर पायी. वेळापूरच्या पुढे जुलाब लागले, दोन दिवस पोटात काही ठरेना. गुडघे आधीपासून कुरकुरत होते, म्हणून वाटेतल्या मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. बीपीची गोळीही एक दिवस चुकवली नाही. सुनेनं मोजून पुड्या बांधून दिल्या होत्या. घरी पोचले ते गळूनच. सून सांगत होती, "डॉक्टर, दोन दिवसांत आबा लघवीला जेमतेम एकदा उठलेत. पण दुखत काहीच नाही हो त्यांना."

खरी पंचाईत या शेवटच्या वाक्यात आहे. छातीत कळ आली की माणूस धावत येतो, दात ठणकला तर रात्र काढवत नाही. किडनी मात्र मुकाट बंद पडते. मुतखड्याची ती प्रसिद्ध कळसुद्धा खडा नळीत अडकून वर ताण बसतो म्हणून येते. खडा नसेल तर किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी माणूस चहा पीत गप्पा मारत बसलेला असतो.

आबांचं बीपी होतं ८४/५०. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली टाकाऊ वस्तू, ५.८ आणि पोटॅशियम ६.७, दोन्ही फारच जास्त. केसपेपरवर आम्ही लिहिलं ‘एकेआय’, म्हणजे अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाच्या तोंडी तोवर ‘किडनी फेल’ हा शब्द आलेला होता, आणि पाठोपाठ दुसरं वाक्य, "डायलिसिसला नको घेऊ डॉक्टर, एकदा लागलं की कायमचं लागतं."

आपल्याकडे दोन वेगवेगळ्या आजारांना हे एकच नाव पडलंय, सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. शुगर नाहीतर बीपीमुळे वर्षानुवर्षं झिजत गेलेली किडनी ही एक गोष्ट. ती झीज बहुतेक वेळा भरून येत नाही. आठवड्यापूर्वी ठणठणीत असलेली किडनी तासा-दिवसांत बसणं ही दुसरी. ही दुसरी पुष्कळदा परत उठते, फक्त ती उठेपर्यंत माणूस जगवावा लागतो आणि ती का बसली ते वेळेत शोधावं लागतं. ओळखीतल्या कुणाचा पहिल्या प्रकारचा अनुभव पाहून दुसऱ्या प्रकारच्या पेशंटला घरी घेऊन जाणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यांचं चुकतं असं तोंडावर म्हणवत नाही, पण चुकतं.

कालव्याच्या टेलचं शेत

दोन्ही किडन्यांचं मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम. पण हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं त्यातलं २० ते २५ टक्के, म्हणजे जवळपास लिटरभर, या ३०० ग्रॅमच्या वाट्याला जातं. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. जे उरलं ती लघवी. गाळायला रक्ताचा दाब पुरतो, त्यात किडनीचं फारसं काही खर्ची पडत नाही. महाग पडतं ते परत ओढून घेणं. गाळणीच्या पुढे असलेल्या नळ्यांच्या पेशी मीठ, साखर, पाणी वेचून घेतात आणि त्यासाठी भराभर प्राणवायू जाळतात. यातल्या सगळ्यात राबणाऱ्या काही पेशी नेमक्या किडनीच्या आतल्या भागात असतात, जिथं प्राणवायू आधीच तोकडा पोचतो.

कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, ज्याचं शेत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कालवा भरून वाहतो तोवर टेललाही पाणी मिळतं. आवर्तन कमी झालं की वरच्यांचं कसंबसं भागतं आणि टेलचं पीक आधी करपतं. जुलाब, उलट्या, रक्तस्राव, जंतुसंसर्गानं पडलेलं बीपी, कमजोर हृदय, काहीही असो. कालव्यातलं पाणी घटलं की किडनीच्या टेलच्या पेशी आधी अडचणीत येतात.

सुरुवातीचे काही तास किडनी शहाण्यासारखं वागते. पाणी कमी आहे हे ओळखून ती मीठ नि पाणी घट्ट धरून ठेवते. लघवी थोडी, गडद, वास येणारी होते. या टप्प्यावर पेशी जिवंत असतात, नुसत्या तहानलेल्या. रक्तप्रवाह परत आला की दिवसा-दोन दिवसांत सगळं सुरळीत. तो आला नाही तर मात्र पेशी मरायला लागतात, नळीच्या भिंतीवरून सुटतात आणि गाळ होऊन नळीच तुंबवतात. मग सलाईन कितीही चढवलं तरी लघवी लगेच येत नाही. एक टप्पा संपून दुसरा कधी लागला हे पेशंटला कळत नाही. आम्हाला थोडंफार कळतं, तेही जुन्याच साधनानं. ताजी लघवी फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर मेलेल्या पेशींचे मातकट तपकिरी साचे दिसतात, अगदी नळीच्या आकाराचे. आबांच्या लघवीत ते होते. या तपासणीला पैसे जवळजवळ लागत नाहीत, बघायला दहा मिनिटं लागतात, म्हणूनच बहुधा ती फारशी कुणी करत नाही.

सुनेनं बांधलेल्या पुड्या

आता गोळ्यांकडे येऊ, कारण आबांच्या गोष्टीत जुलाबांइतकाच गोळ्यांचा हात आहे.

प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि रक्त नेणारी एक. बीपी घसरलं की किडनी दोन युक्त्या करते. आणणारी वाहिनी रुंद करते, म्हणजे आत जास्त रक्त येईल. नेणारी वाहिनी आवळते, म्हणजे आतला दाब टिकेल. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की मागे दाब तटतो ना, तसंच. या दोन युक्त्यांच्या जोरावर बीपी बरंच खाली गेलं तरी गाळण्याचं काम चालू राहतं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या जातीची दुखण्याची गोळी पहिली युक्ती बंद पाडते. वाहिनी रुंद करणारं रसायनच ती तयार होऊ देत नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीची बीपीची गोळी दुसरी युक्ती बंद पाडते. पाइपवरचा अंगठा काढून घेते. आणि बीपीच्या त्याच गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं असेल, जे आपल्याकडे सर्रास असतं, तर कालव्यातलं पाणीही आटतं. आबांच्या पुडीत हे सगळं होतं, वर दोन दिवसांचे जुलाब. २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बीपीची औषधं घेणाऱ्या पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला होता. ही तीन औषधं एकत्र घेणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी.

यावरून कुणी बीपीची गोळी फेकून देऊ नये. टेल्मिसार्टन चांगल्या दिवसांत किडनी जपणारंच औषध आहे. शुगरच्या पेशंटला आम्ही ते मुद्दाम त्यासाठी देतो. प्रश्न वाईट दिवसांचा आहे. जुलाब-उलट्या जोरात आहेत, खाणंपिणं बंद आहे, अशा दोन-तीन दिवसांत ही गोळी थांबवायची का, हे आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं असतं आणि खाणं सुरू झालं की पुन्हा चालू करायची असते. वारीला निघालेल्या आबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते गोळी लिहून देणाऱ्यानं, म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालली असती, आणि जुलाबांवर एक लिटर पाण्यात जलसंजीवनीची पुडी. एवढ्यानं कदाचित ही गोष्ट घडलीच नसती.

डायक्लोफेनॅकचं नाव निघालंय तर गिधाडांचंही सांगतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडची गिधाडं बघता बघता नाहीशी झाली, कारण कळेना. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या अभ्यासातून उलगडा झाला. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली होती, आणि त्यांच्या किडन्या इतक्या झटपट बसल्या होत्या की आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढला होता. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे खरं. पण ‘अंगदुखीची साधी गोळी’ असं कुणी म्हटलं की मला ते पांढरे थर आठवतात.

पावसाळा, घोणस आणि खोकल्याचं औषध

इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांत एकेआयचा पेशंट म्हणजे आयसीयूतला म्हातारा, हृदयाचं ऑपरेशन झालेला नाहीतर सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग, झालेला. आपल्या मोठ्या शहरांतही आता तेच चित्र आहे. अ‍ॅमिकासिन, कोलिस्टिनसारखी जालीम अँटिबायोटिक्स, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, एकावर एक ऑपरेशन, हे सगळं किडनीला भोवतं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्याचा पेशंट वेगळा असतो. तो तरुण असतो, आठवड्यापूर्वी शेतात काम करत असतो आणि ऋतूप्रमाणे येतो.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो. उंदराच्या लघवीतून चिखलात उतरलेले जंतू पायाच्या चिरांतून आत शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ उसळली. ताप, पोटऱ्यांत मरणाच्या वेदना, लालभडक डोळे, मग कावीळ. या आजारात एक चकवा आहे. लघवी पुष्कळदा भरपूर होत राहते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घटतं, कारण जंतूंचा मार मीठ परत ओढणाऱ्या नळ्यांवर असतो. ‘लघवी तर होतेय’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात नि तिकडे क्रिएटिनिन चढत जातं. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन लवकर सुरू झालं तर यातली बरीच माणसं वाचतात.

घोणस चावल्यावरची किडनी हा आणखी वेगळा प्रकार. तिचं विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवतं, तांबड्या पेशी फोडतं, बीपी पाडतं आणि नळ्यांच्या पेशींवर थेटही हल्ला करतं. चाव्यानंतर पहिली महत्त्वाची तपासणी अशी की एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग कलतं करायचं. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर प्रतिविष लगेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं एकत्रित प्रतिविष परळच्या हाफकिनमध्ये वर्षानुवर्षं बनत आलंय. पण ते रक्तात फिरणारं विष पकडतं. किडनीत झालेली इजा उलटवत नाही. मांत्रिकाकडे गेलेल्या चार तासांची किंमत पुढे डायलिसिसच्या फेऱ्यांत मोजावी लागते.

कधी अडथळा खाली असतो. वाढलेलं प्रोस्टेट, दोन्हीकडचे खडे, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. इथं किडनी निरोगी असून तुंबलेली असते. सोनोग्राफीत ती फुगलेली दिसते. लघवीची नळी किंवा स्टेंट टाकला की काम होतं. पाहिलं नाही तर हकनाक किडनी जाते, म्हणून ही शंका सगळ्यात आधी फेडून घ्यायची. कधी स्नायू चिरडून त्यांतलं रंगद्रव्य नळ्यांत जाऊन बसतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेली माणसं काही दिवसांनी लघवी थांबून मरू लागली, तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरनं ही जोडणी लावली. आज भूकंपात माणूस ढिगाऱ्यातून पुरता निघायच्या आधीच त्याला सलाईन लावतात ते त्यामुळे.

आणि औषधातलं विष. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यातला आणि मेंदूतला दाब कमी करायला पेशंटना ग्लिसरीन पाजलं गेलं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हा कारखान्यात वापरायचा द्रव मिसळलेला निघाला. १४ जण किडनी बसून गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी पाडली. त्याला चाळीस वर्षं होत आली असताना, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली लहान मुलं सर्दी-खोकल्याच्या सिरपनंतर लघवी थांबून आजारी पडू लागली. त्यातली अनेक उपचारासाठी नागपूरला आणली होती. वीसहून अधिक मुलं गेली. सिरपच्या नमुन्यात तोच डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाला. मुभा असते ०.१ टक्क्याची. हा द्रव गोडसर असतो, स्वस्त असतो, औषध विरघळवायला वापरतात त्या द्रवांसारखाच दिसतो. शरीरात गेल्यावर त्यापासून जे आम्ल तयार होतं ते नळ्यांच्या पेशी सरसकट मारतं. पाच वर्षांच्या आतल्या पोराच्या साध्या सर्दीला सिरपची गरज मुळात क्वचितच असते, हे बालरोगतज्ज्ञ कानी-कपाळी ओरडून सांगतात. मूल औषध घेतल्यावर सुस्तावलं आणि सहा-आठ तास डायपर कोरडाच राहिला, तर त्या घरानं उजाडायची वाट बघू नये.

आधी कळतं का?

हा प्रश्न आबांच्या मुलानंही विचारला. "रक्ताच्या तपासणीत आधी दिसलं नसतं का?"

क्रिएटिनिन ही स्नायूंतून रोज तयार होणारी टाकाऊ वस्तू. किडनी ती बाहेर टाकते. किडनी अडली की ती रक्तात साठते. पण साठायला वेळ लागतो. समजा, आज सकाळी दोन्ही किडन्या पूर्ण थांबल्या. तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ नंच वाढणार. संध्याकाळी तपासलं तर रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. शिवाय हडकुळ्या म्हातारीचं क्रिएटिनिन मुळात ०.५ असतं; ते १ झालं तर लॅबच्या कागदावर त्यापुढे तारा येत नाही, पण तिच्या किडनीचं काम निम्मं झालेलं असतं.

म्हणून आकडा किती यापेक्षा तो किती होता हे महत्त्वाचं. २०१२ पासून जगभर वापरली जाणारी व्याख्या तेच सांगते. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ नं वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा लघवी सलग सहा तास किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती एकेआय. ६० किलोच्या माणसासाठी तासाला ३० मिलिलिटर म्हणजे कटिंग चहाचा साधारण अर्धा ग्लास. आबांचा मूळचा आकडा आम्हाला कसा मिळाला? सुनेनं घरून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तीत रेशनकार्डाची झेरॉक्स, विम्याची पावती आणि दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे रिपोर्ट. क्रिएटिनिन १.०. त्या एका ओळीनं किती गोष्टी सुटल्या! ही जुनी झिजलेली किडनी नाही, हे त्या कागदानं सांगितलं.

घोडं वरातीच्या पुढे आणायचे प्रयत्न चालू आहेत. इजा झालेल्या पेशी लघवीत काही प्रथिनं सोडतात, ती मोजणाऱ्या चाचण्या निघाल्यात. एकीला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. क्रिएटिनिन हलायच्या आधी त्या धोक्याची सूचना देतात. त्या महाग आहेत आणि आमच्यासारख्या ठिकाणी मिळत नाहीत. त्यापेक्षा मला फ्युरोसेमाइडची परीक्षा आवडते. लघवी वाढवणारं हे इंजेक्शन ठरल्या मात्रेत द्यायचं, आणि दोन तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी आली तर नळ्या फारच दुखावल्यात, पुढे डायलिसिसची वेळ येण्याची शक्यता मोठी, असं धरायचं. अर्थात पेशंट कोरडा असताना ही परीक्षा घ्यायची नाही; आधी पाणी भरून काढायचं.

यंत्राकडूनही भाकीत करून घेतलं जातंय. डीपमाइंड कंपनीनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या सात लाखांवर पेशंटच्या नोंदी संगणकाला शिकवल्या. रुग्णालयातल्या एकेआयपैकी ५५.८ टक्के त्यानं ४८ तासांपर्यंत आधी ओळखल्या. पुढे डायलिसिस लागलेल्यांपैकी ९० टक्के. ऐकायला झकास. पण एका खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे होते, आणि ज्यांच्या नोंदींवर तो शिकला त्यांत बायका जेमतेम ६ टक्के. भातलावणी करणारी बाई त्यानं जन्मात पाहिलेली नाही.

बरं, इशारा मिळाला तर पुढे काय? अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत ६,०३० पेशंटवर हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. निम्म्यांच्या डॉक्टरांना संगणकावर एकेआयचा इशारा दिसायचा, निम्म्यांच्या नाही. पेशंटच्या नशिबात एकूण फरक पडला नाही. वैद्यकीय शिक्षण न देणाऱ्या दोन रुग्णालयांत तर इशारा दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले; का, ते नीट उमगलेलं नाही. मला यात नवल वाटत नाही. इशारा वाचून कुणीतरी औषधं बदलायला, लघवी मोजायला, पलंगापाशी जायला लागतं. आमच्या वॉर्डात रात्रपाळीची मावशी दर तासाला युरोबॅगपाशी, म्हणजे लघवी साठवणाऱ्या पिशवीपाशी, वाकून टॉर्चनं आकडा वाचते आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहिते. तीन ओळी लागोपाठ १०, १०, ५ आल्या की सिस्टरला हाक मारते. त्या तक्त्याच्या तोडीचं भाकीत मी अजून पाहिलेलं नाही.

शहाळं परत पाठवलं

एवढं सगळं झाल्यावर उपचार ऐकले की लोक निराश होतात. मेलेल्या पेशी जिवंत करणारं औषध नाही. डोपामिन थोड्या मात्रेत दिलं की किडनी सुधारते असं आमच्या आधीच्या पिढीनं वर्षानुवर्षं मानलं. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या चाचणीत ते फोल ठरलं. लॅसिक्सनं, म्हणजे त्याच फ्युरोसेमाइडनं, लघवी दिसते, किडनी बरी होत नाही. उरतं ते असं की कारण काढून टाकायचं, रक्तप्रवाह परत आणायचा, किडनीला नडणारी औषधं बंद करायची, बाकीच्या औषधांच्या मात्रा घटवायच्या आणि वाट बघायची. नळीच्या भिंतीवर ज्या पेशी वाचल्यात त्या आपणहून वाढून भगदाडं बुजवतात. एक ते तीन आठवडे लागतात.

सलाईनचंही तारतम्य हवं. आबा कोरडे होते, त्यांना पहिल्या काही तासांत भरभरून दिलं. पण पाणी भरून निघाल्यावरही लघवी येत नाही म्हणून बाटल्या लावत राहिलं तर ते पाणी फुप्फुसात उतरतं. ‘एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल’ ही आपली आवडती मागणी इथं जीवघेणी ठरू शकते.

सगळ्यात घाईचं काम पोटॅशियमचं. ते ६.५ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते न सांगता थांबू शकतं. ईसीजीत टोकदार उंच लाटा दिसल्या की कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला थोडा वेळ कवच मिळतं. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, सोबत दम्याचा वाफारा. यानं पोटॅशियम काही तासांसाठी पेशींच्या आत ढकललं जातं. हे चालू असतानाच आबांचे मेहुणे दोन शहाळी घेऊन हजर. आजाऱ्याला शहाळं, ही आपली रीतच. पण शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. सिस्टरनं दोन्ही परत पाठवली, मेहुणे रागावून गेले.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम पुन्हा चढलं, रक्त आंबट झालं, श्वास धपापू लागला. आता डायलिसिस. मुलगा सही करेना. त्याला मी विल्यम कोल्फची गोष्ट सांगितली. हा डच डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये त्यानं सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिलं चालणारं डायलिसिस यंत्र बनवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई यंत्रावर शुद्धीवर आली. तिला एकेआयच होता. तिची किडनी परत चालू झाली आणि ती पुढे काही वर्षं यंत्राशिवाय जगली. म्हणजे डायलिसिसनं वाचलेलं पहिलंच ठळक उदाहरण ‘एकदा लागलं की कायमचं’ या समजुतीच्या नेमकं उलट आहे. ज्यांना कायमचं लागतं त्यांची किडनी आधीच गेलेली असते. यंत्र लावल्यामुळे ती जात नाही. एकेआयमधूनही काहींची किडनी परत येत नाही, हेही मी त्याला लपवलं नाही.

उलट प्रश्नही येतो, की मग पहिल्याच दिवशी का नाही लावलं? लवकर लावणं बरं की थांबणं, यावर १५ देशांत तीन हजारांवर पेशंटची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. ९० दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे सारखेच, ४४ टक्क्यांच्या आसपास. थांबलेल्या गटातल्या ३८ टक्क्यांना डायलिसिस लागलंच नाही. आणि घाई केलेल्या गटात, वाचलेल्यांपैकी, नंतरही डायलिसिसवर अवलंबून राहिलेले जास्त, १०.४ टक्के, दुसरीकडे ६. तेव्हा पोटॅशियम, आम्ल, फुप्फुसातलं पाणी नाहीतर भ्रम, यातलं काही आवरेनासं झालं की लावायचं, निव्वळ क्रिएटिनिनचा आकडा बघून नाही. हाताशी यंत्र नसेल तर पोटात नळी टाकून, पोटाचाच पडदा गाळणीसारखा वापरून डायलिसिस करता येतं. लहान मुलांत ते आजही फार कामाचं आहे.

आबांच्या मानेत नळी बसली, तीन वेळा यंत्र लागलं. नवव्या दिवशी तक्त्यावर तासाला ४०, मग ६०. अकराव्या दिवशी चोवीस तासांत साडेतीन लिटर. घरच्यांनी पेढे आणले. आम्ही मात्र पुन्हा सलाईन लावलं, कारण नव्यानं उगवलेल्या पेशींना अजून पाणी राखता येत नसतं. या दिवसांत माणूस पुन्हा कोरडा पडू शकतो आणि आता पोटॅशियम खाली घसरतं. मेहुण्यांना निरोप धाडला, शहाळं चालेल.

तीन महिन्यांनी बोलावलं होतं, कारण एकेआय होऊन गेलेल्या किडनीत पुढे हळूहळू झीज लागण्याचा धोका वाढलेला असतो आणि तो तेव्हाच नीट कळतो. क्रिएटिनिन १.३. एकवर परतलं नाही, बहुधा परतणारही नाही. लघवीत प्रथिन नव्हतं. बीपीची गोळी पाण्याच्या औषधाशिवायची, कमी मात्रेत पुन्हा सुरू केली. आबांनी विचारलं, "पुढच्या साली वारी?" म्हटलं, "जा की. पण जुलाब लागले तर पहिल्या दिवशी फोन करा, आणि गुडघ्याची गोळी कुणाकडून घ्यायची नाही." सुनेनं ते केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, नव्या रिपोर्टसोबत घडी घातली आणि त्याच पिशवीत, मोतीबिंदूच्या कागदावर ठेवून दिलं.